आयरिसचे अपरिचित आप्त
मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई होऊन ५,००० रुपये दंड ठरला. एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत काय लावावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ हौसेचा उरला नाही. काश्मीरमध्ये कबरींवर लावला जाणारा पांढरा आयरिस थंडीअभावी येथे सहसा फुलत नाही. आफ्रिकेतील डायेटीस मात्र पाण्याचा ताण बराच सोसतो. ब्राझीलच्या निओमारिकाचा फुलदांडा वाकून मातीला टेकतो व टोकावरचे रोप तेथेच मुळे धरते. गंमत अशी, की आयरिससारखी दिसणारी ही दोन्ही झाडे त्याच कुळातील असली, तरी आयरिस नव्हेत. नारिंगी, ठिपकेदार फुलांची बेलमकांडा मात्र, चेहरामोहरा निराळा असूनही, आनुवंशिक पुराव्यांच्या आधारे २००५ मध्ये आयरिस प्रजातीत समाविष्ट झाली. तिचे फूल एकच दिवस टिकते. पुढे फळ उकलून काळ्या, चकचकीत बियांचा घोस दिसतो.