शोधयंत्र बदलले, प्रमाणपत्राचे काय?

राम गणेश गडकरी यांचे निधन कोठे झाले, असा प्रश्न मोबाइलवर विचारला की 'सावनेर' हे उत्तर क्षणार्धात मिळते. सोबत २३ जानेवारी १९१९ ही तारीखही दिसते. विचारणाऱ्याला एकही संकेतस्थळ उघडावे लागत नाही. 'सावनेरमधील चष्म्याचे दुकान' असे विचारले की नकाशा समोर येतो आणि त्यावर जवळच्या दुकानांची नावे, वेळा व दूरध्वनी क्रमांक. 'नागपुरी संत्र्याची पेटी घरपोच' असे विचारले, तर मात्र वरच्या बाजूस बहुधा पैसे मोजून दिलेल्या जाहिराती, त्याखाली मोठ्या विक्री कंपन्या, आणि एखाद्या बागायतदाराचे नाव असलेच तर बरेच खाली. पडदा एकच, पण तीन प्रश्नांची तीन तऱ्हेची उत्तरे. पहिल्यात संकेतस्थळाच्या मालकाला काहीच मिळत नाही, दुसऱ्यात दुकानदाराला फुकट ग्राहक मिळतो, तिसऱ्यात खिशात हात घालावा लागतो. डिजिटल मार्केटिंगचा अभ्यासक्रम करावा की नाही, हा प्रश्न सध्या अनेक घरांत चर्चिला जातो. त्याचे उत्तर या फरकात दडलेले आहे.

सावनेर हे नागपूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. नागपूरहून येणारा महामार्ग येथे दुभंगतो. एक फाटा सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे आणि दुसरा पांढुर्णा-बैतुलकडे जातो. परिसरात कोळशाच्या खाणी, खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र, कापूस आणि संत्र्याचे बगीचे. खाणीतील किंवा वीज केंद्रातील कायम नोकरी हे येथल्या मागील पिढीचे स्वप्न होते. ती दारे अरुंद झाल्यावर कला वा वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली मुले नागपूरच्या क्लासेसच्या जाहिरातींकडे वळतात. तीन ते सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, शुल्क काही हजारांपासून लाखाच्या घरात, आणि शेवटी प्रमाणपत्र. वडिलांच्या संत्र्याच्या एका बहाराचे पैसे त्यात जात असतील, तर त्या कागदाची किंमत आधीच तपासणे गैर नाही.

यादीपासून उत्तरापर्यंत

शोधयंत्राचे मूळ काम तीन टप्प्यांचे असते. त्याचे संगणकीय हेर एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात जगभरची पाने वाचतात; वाचलेल्या मजकुराची प्रचंड सूची तयार होते; आणि प्रश्न आला की सूचीतील योग्य पाने क्रमाने मांडली जातात. लॅरी पेज व सर्जी ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांची नवी कल्पना या तिसऱ्या टप्प्याची होती. ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवितात ते पान महत्त्वाचे, असे त्यांनी मानले. साहजिकच बोटे विकत घेण्याचा धंदा सुरू झाला. हजारो निरर्थक संकेतस्थळे उभारून त्यांवरून दुवे देणे, एकच शब्द पानात शंभरदा घुसडणे यालाच अनेक वर्षे 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' म्हणून शिकविले गेले. गूगलने २०११ मध्ये 'पांडा' आणि २०१२ मध्ये 'पेंग्विन' या नावांनी केलेल्या सुधारणांनंतर अशा पानांची घसरगुंडी झाली.

पुढचा बदल भाषेचा होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत गूगलला बोलून प्रश्न विचारण्याची सोय झाली. २०१९ मध्ये 'बर्ट' हे तंत्र शोधात आले आणि सुटे शब्द जुळविण्याऐवजी संपूर्ण वाक्याचा अर्थ लावण्यास आरंभ झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले. मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी व हिंदीतून, निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला सारांश द्यायला प्रारंभ केला. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने मार्च २०२५ मधील वापर तपासला. सारांश दिसला तेव्हा खालच्या दुव्यांवर टिचकी मारण्याचे प्रमाण ८ टक्के होते, सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के. खुद्द सारांशातील दुवा उघडणारे अवघे एक टक्का होते. हे आकडे अमेरिकेचे आहेत. पण गडकऱ्यांच्या निधनस्थळाचा प्रश्न विचारणारा मराठी वाचकही याहून वेगळा वागण्याचे कारण नाही.

त्यामुळे केवळ माहिती देणारी पाने लिहून वाचक गोळा करण्याचे काम, ज्यावर नवशिक्यांची पहिली कमाई अवलंबून असे, ते आटत चालले आहे. दुकान, दवाखाना, बगीचा, लग्नाचे सभागृह अशा ठिकाणी प्रत्यक्ष जावे लागते, वस्तू प्रत्यक्ष घ्यावी लागते. ते काम सारांशाने भागत नाही.

कागदाचे आयुष्य

या क्षेत्रातील प्रमाणपत्रे लवकर शिळी होतात. २००० साली सुरू झालेल्या गूगलच्या 'अ‍ॅडवर्ड्स'चे नाव २०१८ मध्ये 'गूगल अ‍ॅड्स' झाले आणि मांडणीही पालटली. संकेतस्थळावर कोण आले, किती वेळ थांबले हे मोजणारे 'युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स' १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेईनासे झाले. त्याची जागा घेणाऱ्या नव्या आवृत्तीत मोजण्याची पद्धतच निराळी आहे. जुन्या साधनावर सहा महिने घालविलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले. गूगल स्वतः 'स्किलशॉप'वर जाहिरातविषयक परीक्षा विनामूल्य घेते. उत्तीर्ण होण्यास ८० टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते. ज्यांनी साधन बनविले, त्यांनाच आपल्या कागदावर वर्षापलीकडे विश्वास नाही! 'हबस्पॉट' या कंपनीचे प्राथमिक अभ्यासक्रमही विनामूल्य आहेत. तेव्हा एखादी संस्था 'पंधरा आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे' देऊ करते, तेव्हा त्यांतील किती परीक्षा घरबसल्या फुकट देता येतात, हे विचारून घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता म्हणून मागितली जाते ती एमएस-सीआयटी किंवा तिच्या समकक्ष मानलेली परीक्षा. खासगी क्लासचे डिजिटल मार्केटिंगचे प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही आणि ते विद्यापीठाची पदवीही नव्हे.

मग शिकण्यात अर्थ नाही काय? आहे. नियमित वेळापत्रक, शंका विचारण्यासाठी समोर शिक्षक आणि हाताखाली खऱ्या पैशांची छोटी जाहिरात, या तीन गोष्टी फुकटच्या चित्रफितींत मिळत नाहीत. विशेषतः तिसरी. दोन हजार रुपयांची जाहिरात स्वतः चालवून त्याचा हिशेब मांडणारा विद्यार्थी, पाचशे पाने टिपणे काढणाऱ्याच्या कितीतरी पुढे असतो. ज्या क्लासमध्ये हे करवून घेतले जात नाही, तेथील शुल्क म्हणजे वातानुकूलित खोलीचे भाडे होय.

सध्या 'उत्तरयंत्रांसाठी ऑप्टिमायझेशन' अशा भारदस्त नावांचे नवे अभ्यासक्रम निघाले आहेत. या संज्ञेमागे थोडा गंभीर अभ्यास आहे. प्रिन्स्टन व आयआयटी दिल्ली येथील संशोधकांचा सहभाग असलेल्या, २०२३ मध्ये मांडलेल्या प्रबंधात असे आढळले, की मजकुरात आकडेवारी, अवतरणे व आधार दिल्यास यंत्राच्या उत्तरात तो उद्धृत होण्याची शक्यता वाढते. शब्द कोंबण्याने फारसे साधत नाही. दुसरीकडे, सारांशात येण्यासाठी वेगळी तांत्रिक खटपट आवश्यक नाही, नेहमीचीच पथ्ये पाळावीत, असे गूगलचे म्हणणे आहे. एवढ्यासाठी स्वतंत्र शुल्क देण्याची घाई करण्याजोगे यात काही नाही.

गावातले काम

सावनेरसारख्या गावात या विद्येचा उपयोग कोठे होतो? प्रारंभ गावाच्या नावापासूनच होतो. सरकारी रोमन लेखनात या नावात 'ओ' हे अक्षर येते. उच्चाराप्रमाणे लिहिणारे तेथे 'व्ही' लिहितात. शोधयंत्र दोन्ही रूपे बहुतेक वेळा ओळखते. पण एकाच दुकानाचा पत्ता फलकावर एका तऱ्हेने, फेसबुकवर दुसऱ्या तऱ्हेने आणि नकाशावर तिसऱ्या तऱ्हेने असेल, क्रमांकही जुना असेल, तर ही तीन दुकाने आहेत की एक, असा संभ्रम निर्माण होतो. स्थानिक निकालांचा क्रम ठरविताना प्रश्नाशी असलेला संबंध, अंतर आणि व्यवसायाची ख्याती या तीन बाबी पाहिल्या जातात, असे गूगलने जाहीर केलेले आहे. अंतर कोणाच्या हाती नाही. उरलेल्या दोहोंवर काम करता येते. वेळा बरोबर ठेवणे, आठवडी बाजाराच्या वा सणाच्या दिवशीचे बदल नोंदविणे, दुकानाची खरी छायाचित्रे देणे, ग्राहकाच्या तक्रारीला सभ्य उत्तर देणे. यात दिपवून टाकणारे काही नाही, आणि नकाशावरील ही नोंद पूर्णतः मोफत असते. 'तुमची नोंद बंद पडणार, इतके पैसे भरा' असा दूरध्वनी आल्यास तो गूगलचा नसतो, एवढे दुकानदाराला सांगणारा मुलगाही पहिल्याच दिवशी आपली किंमत वसूल करून देतो.

दुसरी बाब भाषेची. सौंसर व पांढुर्ण्याकडे मराठी बोलणारी वस्ती मोठी आहे, पण शाळेची भाषा हिंदी. तिकडचा ग्राहक हिंदीत शोधेल, सावनेरचा मराठीत, नागपूरचा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून. मराठीत 'संत्रा', हिंदीत 'संतरा', पुण्या-मुंबईकडे 'संत्रे'. कोणता माणूस कोणता शब्द वापरतो, हे ओळखण्यात सीमेवर वाढलेल्या मुलाला महानगरातील जाहिरात संस्थेपेक्षा अधिक गती असते. त्याचे हे भांडवल कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेले नसते.

संत्र्याचेच उदाहरण पुढे नेऊ. बागायतदार बहुधा झाडावरचाच माल व्यापाऱ्याला ठोक देतो. पेटी थेट शहरातील ग्राहकाला विकावी, असे त्याच्या मुलाच्या मनात आले. समजा, पेटीची किंमत ८०० रुपये. फळ, खोका, कुरिअर आणि नासाडी धरून खर्च ६००. म्हणजे हातात २००. जाहिरातीवरील प्रत्येक टिचकीला ६ रुपये पडले, तर शंभर टिचक्यांचे ६०० होतात. शंभरांतून दोघांनीच पेटी घेतली, तर प्रत्येक पेटीमागे जाहिरातीचे ३०० रुपये गेले. म्हणजे १०० रुपयांचा तोटा, आणि विक्री वाढेल तसा तोटाही वाढणार. चौघांनी घेतली तर १५० गेले आणि ५० उरले. दोहोंचे चार कसे होतील? पेटी दोन दिवसांत पोचेल अशाच पिनकोडांत जाहिरात दाखवून. फळ कधी तोडले, कधी मिळेल हे पानावर स्पष्ट लिहून. खराब फळाचे पैसे परत देण्याची रीत सांगून. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बागायतदाराने त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, तर तो क्रमांक पानावर द्यावा. पडताळून पाहता येईल अशी गोष्ट ग्राहकालाही भावते. आणि खरा नफा दुसऱ्या पेटीत असतो, कारण परतून येणाऱ्या ग्राहकासाठी टिचकीचे पैसे मोजावे लागत नाहीत. हा हिशेब ज्याला मांडता येतो, त्याला नोकरी देणारा माणूस प्रमाणपत्राचा रंग पाहत नाही.

हमी आणि हप्ते

शोध-निकालात पहिला क्रमांक मिळवून देण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही ती हमी विकणारे आहेत, आणि त्यांच्याचकडून 'शंभर टक्के नोकरी'ची हमीही मिळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोकरी वा निवडीची हमी देणारे दावे त्यांनी निषिद्ध ठरविले. फसगत झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

तक्रारीपर्यंत वेळ येऊ नये म्हणून शुल्काच्या कागदाकडे नीट पाहावे. 'सुलभ हप्ते' हे पुष्कळदा संस्थेने दिलेली सवलत नसून वित्त कंपनीचे कर्ज असते. क्लास दुसऱ्या महिन्यात सोडला, तरी कर्जाचे हप्ते आपोआप थांबत नाहीत, आणि थकल्यास पालकाच्या किंवा मुलाच्या पतनोंदीवर डाग पडतो. सांगितलेल्या शुल्कात १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, मध्येच सोडल्यास किती परत मिळेल, हे लेखी घ्यावे. मागील तुकडीतील विद्यार्थ्यांनी केलेले काम दाखविण्यास सांगावे. कोणते पान, कोणती जाहिरात, किती खर्च, किती विक्री. त्यांची छायाचित्रे आणि पगाराचे आकडे भिंतीवर लावलेले असतात, ते काम नव्हे.

आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात येते. नवे पान शोधयंत्राच्या सूचीत येऊन स्थिरावण्यास अनेकदा काही महिने लागतात. ज्याला हे शिकायचे आहे आणि ज्याच्या घरी किंवा शेजारी बगीचा आहे, त्याने जून-जुलैतच पान उभे केले, विनामूल्य परीक्षा त्याच काळात दिली आणि दिवाळीच्या सुमारास पहिल्या वीस पेट्या पाठविल्या, तर मोठे शुल्क भरावे की नाही हे ठरवायला त्याच्याजवळ स्वतःचे आकडे असतील.