दवाखान्याचा फोन लागेना, कारागिराचा रोज बुडतो

खोपोलीतल्या आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्या चाचांचा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून दुखतो. कर्जत-खालापूर भागातल्या माणसाला हाडांच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरकडे जायचे म्हटले की बहुतेक वेळा पनवेल, कल्याण नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. चाचांनी पनवेलचा एक दवाखाना धरला. तेथे नंबर फोनवरूनच लावायचा, आणि तोही सकाळी ठरलेल्या एका तासात. पहिल्या दिवशी फोन सतत एंगेज. दुसऱ्या दिवशी घंटी वाजून वाजून बंद झाली. तिसऱ्या दिवशी फोन उचलला, तो “आजचे नंबर संपले, उद्या करा” एवढेच सांगायला. चौथ्या दिवशी चाचांनी वर्कशॉपचे शटर ओढले आणि एस.टी.ने सरळ पनवेल गाठले. तेथे दुपारपर्यंत बाकावर बसवून, नंबर नाही म्हणून परत पाठवले. डॉक्टरची फी वाचली. पण दिवसाची कमाई, जाण्यायेण्याचे भाडे आणि ज्याला त्या दिवशी गेट बसवून देण्याचा वायदा केला होता त्या गिऱ्हाइकाची बोलणी, यांचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

नोकरदाराला आजारपणाची रजा असते. टेलर, सुतार, गॅरेजवाला, चिकनचे दुकान चालवणारा यांना ती नाही. त्यातच नंबर लावण्याचा तास हा नेमका आपल्या धंद्याचा तास. माल उतरवायचा, पोरांना काम वाटून द्यायचे, पहिल्या गिऱ्हाइकाला तोंड द्यायचे, की कानाला फोन लावून बसायचे?

दवाखान्याची बाजूही पाहिली पाहिजे. काउंटरवर बहुधा एकच मुलगी किंवा एकच कंपाउंडर. त्यानेच केसपेपर काढायचे, पैसे घ्यायचे, समोरच्या गर्दीला उत्तरे द्यायची आणि फोनही उचलायचा. सर्वांनी एकाच तासात फोन करायचा म्हटल्यावर लाइन मोकळी मिळणार कशी? काही ठिकाणी जुन्या फाईलवर छापलेला लँडलाइन नंबर कधीच बंद झालेला असतो आणि नवा मोबाईल नंबर फक्त दारावरच्या पाटीवर असतो.

चूक आपलीही असते, हे कबूल करायला हवे. दवाखाना कधी कधी उलट फोन करतो. पण कर्ज देणाऱ्या आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या फोननी आपण इतके वैतागलेलो असतो की अनोळखी नंबर दिसला की कापतो. आम्ही स्वतः असा एक फोन कापला होता. तो आमच्याच रिपोर्टचा होता. ग्राइंडर चालू असताना तर घंटी ऐकूही येत नाही.

१९९० च्या दशकात आपण एस.टी.डी. बूथवर रांग लावून नंबर फिरवत होतो. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, पण रांग काही हटली नाही. आणि हे आपल्याकडेच आहे असे नाही. कोकणातल्या ज्या घरांतली माणसे इंग्लंडला स्थायिक झाली, त्यांना विचारा. तिथे सरकारी आरोग्यसेवेच्या दवाखान्यात सकाळी आठच्या ठोक्याला फोनची झुंबड उडते. ती मोडण्यासाठी तिथल्या सरकारने २०२३ साली २४ कोटी पौंड जाहीर केले. रांगेत आपला नंबर कितवा ते सांगणारी आणि दवाखान्याकडून उलट फोन येण्याची सोय असलेली यंत्रणा बसवायचे ठरले.

आपल्याकडे तेवढी वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक दुखण्याला खासगी तज्ज्ञ लागतो असेही नाही. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये येथे खिडकीवर केसपेपर काढायचा असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत केले आहेत. तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, एवढे तेथे आधी विचारून ठेवावे. साध्या सल्ल्यासाठी केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा २०२० पासून घरबसल्या डॉक्टरशी बोलून देते. त्यासाठी मोबाईलवर नाव नोंदवावे लागते. घरातल्या शिकत्या मुलाकडून ते करून घ्यावे. छातीत दुखणे, श्वास कोंडणे, अपघात यांत मात्र नंबर लावण्याच्या भानगडीत पडू नये, १०८ फिरवावा.

खासगी दवाखान्यात जायचेच असेल तर काउंटर सोडण्यापूर्वी पुढची तारीख मागून घ्यावी. दवाखान्याचा चालू नंबर नावासकट मोबाईलमध्ये ठेवावा, म्हणजे उलट फोन आला की ओळखता येतो. संदेश पाठवून नंबर लागतो का, हेही विचारावे. काही डॉक्टरांनी ही सोय ठेवली आहे, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

चाचांचा नंबर शेवटी फोनने लागलाच नाही. त्यांचा भाचा पनवेलला कामाला आहे. तो संध्याकाळी दवाखाना उघडल्यावर आत गेला आणि रजिस्टरमध्ये नाव लिहून आला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी दहा मिनिटे गुडघा पाहिला. निघताना काउंटरवरची मुलगी म्हणाली, “पुढच्या वेळी फोन करून या.” चाचा म्हणाले, “बेटा, तारीख आत्ताच लिही. शुक्रवार सोडून कोणतीही दे.” तिने फाईलवर बुधवार लिहिला.