रात्रीच्या आकाशाचा क्षीण प्रकाश टिपताना

चंद्र नसलेल्या रात्री, शहरापासून दूरही, आकाश पूर्ण काळे नसते. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी रेणूंपासून विलग झालेले अणू रात्री पुन्हा संयोग पावताना जी ऊर्जा सोडतात, तिच्यातून वायुदीप्ती, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरांचा स्वतःचा मंद प्रकाश, निर्माण होतो. सुमारे ९७ किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजन अणूंची ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीची हिरवी रेषा त्यात ठळक आहे.

हा प्रकाश उलगडणाऱ्या वर्णपटलेखकात अरुंद फटीतून आलेले किरण समांतर होऊन ग्रेटिंगवर, म्हणजे दर मिलिमीटरला शेकडो सूक्ष्म रेघा असलेल्या पृष्ठभागावर पडतात आणि प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या कोनात वळते. खरी अडचण पुढेच आहे: ताऱ्यासाठी मोठी दुर्बीण उपयोगी पडते, परंतु आकाशभर पसरलेल्या प्रकाशाची पृष्ठीय तेजस्विता कोणत्याही भिंगाने वाढवता येत नाही. म्हणून मोठे ग्रेटिंग आणि व्यासाच्या मानाने अत्यल्प नाभीय अंतराचा कॅमेरा यांवरच भर द्यावा लागतो. फट रुंद केल्यास प्रकाश वाढतो, पण शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात.

अमेरिकेतील येर्क्स वेधशाळेत एडन माइनेल यांनी १९५० मध्ये अवरक्त भागातील पट्टे हायड्रॉक्सिल रेणूचे असल्याचे दाखवले, हे या क्षेत्रातील मोठेच यश होय. कारण त्या पट्ट्यांतील रेषांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून, जेथे फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह टिकत नाहीत, अशा सुमारे ८७ किलोमीटर उंचीवरील तापमान जमिनीवरूनच काढता येते. आज छायापट्टीच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो आणि उष्णतेमुळे उद्भवणारे खोटे संकेत दबावेत यासाठी तो शून्याखाली बराच थंड ठेवला जातो.