दुबळ्या संघाची उमेद

भारतात पुणे मराठाजसारखे संघ असलेली अमेरिकन फुटबॉलची लीग २०११ मध्ये जाहीर झाली. तरी वाघोलीतील चाहत्याची खरी ओढ सोमवारी पहाटे पाच वाजता सुरू होणाऱ्या 'सुपर बोल'कडे आणि बहुधा त्यातील दुबळ्या संघाकडे. ही निव्वळ भाबडी सहानुभूती नव्हे. 'एनएफएल'मध्ये नवोदित खेळाडू निवडण्याचा पहिला मान तळाच्या संघाला मिळतो. १९९४ पासून खेळाडूंच्या मानधनावरील खर्चालाही कमाल मर्यादा आहे. बाद फेरीत लढत एकच, त्यामुळे बलाढ्यांना चूक सुधारण्याची दुसरी संधी नाही. २००८ मध्ये सलग १८ सामने जिंकून अंतिम फेरीत आलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना न्यूयॉर्क जायंट्सने १७-१४ असे नमविले. हरणाऱ्या संघाशी निष्ठा राखणाऱ्याला पुढल्या हंगामाची वाट पाहण्याचे बळ या नियमांतूनच लाभते.