एकच मेल, दोन ठिकाणी: गटाची बातमी गटाच्या हातानं



बैठकीत आपण बचत, कर्ज, परतफेड यांच्याबद्दल नेहमीच बोलतो. आज जरा वेगळं बोलू या. आपल्या कामाची, आपल्या मालाची बातमी गावाबाहेर कशी जाते आणि ती पोहोचवतं कोण, याबद्दल.

पुष्कळ गटांत काय होतं बघा. पापड लाटायला दहा जणी असतात, पण इंटरनेटवर टाकायला एकच मुलगा. कुणाचा तरी भाचा नाहीतर पुतण्या. तो हौसेनं गटाचा ब्लॉग काढून देतो, चार फोटो टाकतो. पुढं त्याला पुण्याला नोकरी लागते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. आमच्या प्रभागातल्या एका गटाचं असंच झालं. दोन दिवाळ्या गेल्या तरी ब्लॉगवर जुन्याच फराळाचा भाव. मुंबईहून फोन यायचे, "अहो ताई, चकलीचा हाच भाव तुम्ही लिहिलाय, मग आता जास्त का सांगता?" त्या बायांना भाव बदलता येईना आणि ते पानही काढता येईना. माल आपला, नाव आपलं, पण बोलणं दुसऱ्याच्या हातात.

यावर एक सोपी वाट आहे, ती म्हणजे ईमेलनं ब्लॉगवर लिहिणं. ज्या ताईला मेल पाठवता येतो, तिला ब्लॉगवर लिहिता येतं. आणि एकच मेल दोन ठिकाणी पाठवला, तर गटाच्या पानावर आणि ग्रामसंघाच्या पानावर एकाच वेळी बातमी लागते.

ब्लॉग कशाला, व्हॉट्सॲप आहे की?

व्हॉट्सॲप चांगलंच आहे, ते सोडायचं नाही. पण तिथला निरोप दोन दिवसांत शंभर 'शुभ सकाळ'च्या खाली जातो. शिवाय ज्यांचा नंबर आपल्याकडे आहे, त्यांनाच तो दिसतो. नाशिकच्या एखाद्या बाईनं इंटरनेटवर 'घरगुती नाचणीचे पापड' असं शोधलं, तर आपल्या व्हॉट्सॲप गटातला फोटो तिला सापडणार नाही.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची उघडी वही. नवीन मजकूर वर, जुना खाली आणि प्रत्येक मजकुरावर तारीख. तो कुणालाही वाचता येतो आणि शोधला तर सापडू शकतो. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलनं ती घेतली. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं. दोन्हीकडे फुकट ब्लॉग काढता येतो आणि दोन्हीकडे मेलनं लिहायची सोय आहे.

हे चालतं कसं?

ब्लॉगच्या सेटिंग्जमध्ये ईमेलनं पोस्ट टाकण्याचा एक भाग असतो. तो चालू केला की ब्लॉगला स्वतःचा एक ईमेल पत्ता मिळतो. याला आपण गुप्त पत्ता म्हणू. ब्लॉगरमध्ये त्या पत्त्यातला एक गुप्त शब्द आपण ठरवायचा असतो. वर्डप्रेस अक्षरांची सरमिसळ करून पत्ता आपणच तयार करून देतं.

त्या पत्त्यावर मेल पाठवला की मेलचा विषय होतो मथळा. आतला मजकूर होतो लेख. जोडलेला फोटो लेखात येतो. बस, इतकंच.

याचे फायदे आपल्यासारख्यांना लगेच कळतील. पहिला फायदा रेंजचा. थेट ब्लॉगच्या साइटवर लिहायला बसलं आणि मध्येच रेंज गेली, तर लिहिलेलं जाण्याची धास्ती असते. मेलचं तसं नाही. चुलीपुढं बसून निवांत लिहा, 'पाठवा' दाबा. रेंज नसेल तर मेल फोनमध्ये थांबून राहतो. दुसऱ्या दिवशी बाजाराला गेलात, रेंज आली की आपोआप निघतो.

दुसरा फायदा असा की लिहिणाऱ्या ताईला ब्लॉगचा पासवर्ड लागत नाही. तिसरा म्हणजे आपल्या मेलच्या 'पाठवलेले' या कप्प्यात प्रत्येक मजकुराची एक प्रत राहते. ही प्रत किती कामाची आहे, ते एका जुन्या उदाहरणावरून कळेल. अमेरिकेत २००८ मध्ये पोस्टरस नावाची सेवा सुरू झाली. तिथं एक मेल टाकला की तो त्यांच्या ब्लॉगवर लागायचा आणि तिथून आपल्या इतर पानांवरही जायचा. लोकांना फार आवडली. २०१२ मध्ये ट्विटरनं ती कंपनी विकत घेतली आणि ३० एप्रिल २०१३ ला सेवा बंद झाली. ज्यांनी आपला मजकूर वेळेत काढून घेतला, त्यांचा वाचला. फुकटचं घर दुसऱ्याचं असतं, मैत्रिणींनो. प्रत आपल्याकडे हवीच.

एकदाच काय करायचं?

सुरुवातीची मांडणी संगणकावर बसून, कुणाची तरी मदत घेऊन करा. सीआरपी ताई असेल, शिकलेली लेक असेल. पण चार गोष्टी गटानं आपल्या हातात ठेवायच्या.

१. मेलचं खातं गटाच्या नावानं काढा, मदत करणाऱ्याच्या नावानं नको.

२. पासवर्ड विसरला तर ज्या नंबरवर निरोप येतो, तो नंबर अध्यक्ष किंवा सचिव ताईंचा असू द्या. पदाधिकारी बदलल्या की तो नंबरही बदला.

३. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून गटाच्या पेटीत ठेवा. पेटीत पासबुक असतं, तसंच हे.

४. खातं कुणाकडे आहे आणि कोण लिहिणार, याचा ठराव इतिवृत्तात लिहा.

ग्रामसंघाचं पान असेल तर तिथला गुप्त पत्ता ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडून, बैठकीत विचारून घ्या. मग तुमच्या मेलमध्ये दोन पत्ते असतील, एक गटाच्या पानाचा आणि एक ग्रामसंघाच्या पानाचा. दोन्ही 'प्रति'च्या जागेत टाकले की काम झालं.

मेल लिहायचा कसा?

फोनवर मराठी कीबोर्ड घ्या. बोटांनी टाइप करायला वेळ लागत असेल, तर माइकचं चिन्ह दाबून बोला, फोन मराठीत लिहितो. मग एकदा वाचून चुका नीट करा. कागदावर लिहून त्याचा फोटो मात्र पाठवू नका. फोटोतली अक्षरं शोधणाऱ्याला सहसा सापडत नाहीत.

मेलच्या विषयात नुसतं 'पापड' लिहू नका. 'नाचणीचे पापड आणि सांडगे तयार, १५ एप्रिलपासून' असं लिहा. आत साधी चार वाक्यं पुरतात:

"आमच्या गटानं यंदा नाचणीचे पापड आणि कोहळ्याचे सांडगे केले आहेत. नाचणी आमच्याच शेतातली आहे. पाव किलोचा भाव अमुक, हा भाव ३१ मेपर्यंत. मागणीसाठी गटाच्या फोनवर सकाळी ११ ते ५ बोला."

'हा भाव अमुक तारखेपर्यंत' हे वाक्य कधी विसरू नका. मघाशी सांगितलेलं चकलीचं भांडण या एका वाक्यानं टळलं असतं. खाली गटाचं नाव, गाव, तालुका लिहा. खायचा पदार्थ असेल आणि एफएसएसएआयची नोंदणी असेल, तर तो क्रमांकही द्या.

फोटो एक किंवा दोनच जोडा. हल्ली फोनचा एकेक फोटो जड असतो. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच जोडता येतं आणि कमी रेंजमध्ये त्याहून कितीतरी हलका मेलही अडतो. उजेडात, स्वच्छ ताटात काढलेला एक फोटो पुरे.

मेलच्या शेवटी नाव-नंबर किंवा अमुक फोनवरून पाठवला अशी ओळ आपोआप येत असेल, तर ती सेटिंग्जमधून बंद करा. नाहीतर ती ब्लॉगवर छापली जाते.

गुप्त पत्ता म्हणजे पेटीची चावी

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या गुप्त पत्त्यावर मेल कुणी पाठवला, हे ब्लॉग सहसा विचारत नाही. पत्ता ज्याच्या हाती, त्याचा मजकूर आपल्या पानावर. समजा हा पत्ता बाहेर फुटला आणि कुणी आपल्या नावाखाली स्वतःचा क्यूआर कोड टाकला. गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास ठेवून पैसे भरणार, पैसे जाणार तिसऱ्याकडे आणि जाब मात्र आपल्याला द्यावा लागणार. गटाची पत मिळवायला वर्षं लागतात, ती अशी जाऊ द्यायची नाही.

म्हणून गुप्त शब्द ठरवताना गावाचं नाव, गटाचं नाव, अध्यक्ष ताईंचं नाव घेऊ नका. ते कुणीही ओळखेल. पत्ता व्हॉट्सॲपवर टाकू नका. फुटल्याचा संशय आला की त्याच दिवशी बदला. ब्लॉगरमध्ये नवा गुप्त शब्द टाकता येतो आणि वर्डप्रेसमध्ये नवा पत्ता तयार करून घेता येतो. जुना पत्ता मग निकामी होतो.

आणखी एक. ब्लॉगचे पत्ते असलेल्या मेलमध्ये माणसांचे पत्ते मिसळू नका. ब्लॉगबरोबर तालुक्याच्या मॅडमना आणि नणंदेलाही तोच मेल पाठवला असं धरा. नणंदेनं सगळ्यांना मिळून उत्तर दिलं, "वहिनी, रविवारी येताय ना?" तर ते उत्तरही थेट ब्लॉगवर लागेल! पाठवलेला मेल पुढं कुणाला ढकलू नका, कारण त्यात वर पत्ते दिसतात. लोकांना कळवायचं असेल तर ब्लॉगवर लागलेल्या मजकुराची लिंक पाठवा.

एकीनं लिहायचं, दुसरीनं वाचायचं

एक मेल दोन ठिकाणी जातो, तशी त्यातली चूकही दोन ठिकाणी जाते. एकदा लागलेला मजकूर मेलनं दुरुस्त होत नाही. प्रत्येक पान वेगवेगळं उघडून चूक सुधारावी लागते. पाव किलोच्या जागी एक किलो लिहिलं गेलं तर नुकसान आपलंच.

यासाठी गटाच्या पेटीची जुनी रीत वापरू. पेटी एकीकडे असते, चावी दुसरीकडे. ब्लॉगरमध्ये मेलचं काय करायचं हे निवडता येतं, लगेच छापायचा की कच्चा ठेवायचा. आम्ही सांगू, कच्चाच ठेवा. लिहिणारी ताई मेल पाठवेल. दुसरी ताई ब्लॉग उघडून भाव, तारीख, नाव वाचेल आणि मगच छापेल. वर्डप्रेसमध्ये कच्चं ठेवायचं असेल तर मेलमध्ये चौकोनी कंसात इंग्रजीत 'स्टेटस ड्राफ्ट' असे दोन शब्द लिहावे लागतात. ही खूण ब्लॉगरला कळत नाही, तिथं ती मजकूर म्हणून दिसते. एक पान ब्लॉगरवर आणि दुसरं वर्डप्रेसवर असेल, तर वाचणाऱ्या ताईनं ती ओळ काढून टाकायची. नव्यानं सुरू करत असाल तर दोन्ही पानं एकाच सेवेवर काढा, घोळ कमी होईल.

वाचणाऱ्या ताईनं अजून एक पाहायचं. फोटोतल्या प्रत्येकीला विचारलंय का? बैठकीत तिनं फोटोला मान हलवली, म्हणजे इंटरनेटला होकार दिला असं नाही. कुणाचं कर्ज किती, हप्ता कुणाचा थकला, आधार क्रमांक, खाते क्रमांक, यातलं काहीही पानावर जाता कामा नये. लेकरांचे फोटो तर नकोच.

पुढच्या बैठकीत एवढं करा

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दोघी निवडा, एक लिहिणारी आणि एक वाचणारी. लिहिणारी सगळ्यात जास्त शिकलेलीच हवी असं नाही. जिला माल माहीत आहे आणि नीट सांगता येतं, ती चालेल. गटाचा जुना ब्लॉग असेल तर त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, ते विचारा आणि खातं गटाच्या नावावर करून घ्या. मग एक छोटा मेल पाठवून बघा, पाच ओळींचा, एका फोटोचा. तो कच्चा आला, वाचला, छापला गेला, की समजा वाट तयार झाली.

महिन्याला एक मजकूर पुरे. वर्षाला बारा होतील. कधी पापड असतील, कधी गांडूळखत, कधी गटानं मिळून सोडवलेला पाण्याचा प्रश्न. पाच वर्षांनी एखादी नवी सून गटात येईल, ते पान उघडेल आणि आपल्या सासूनं काय काय केलं ते तारखेसकट वाचेल. आणि ते लिहिलेलं असेल गटातल्याच बाईनं.

नमस्कार, आणि भेटू या पुढच्या गप्पांत.