स्पोर्ट्‌स कारमध्येही क्लच असतो

झाशीजवळ 44 आणि 27 हे दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. मोकळ्या रस्त्यावर स्पोर्ट्‌स कार मजेत धावते. तिचा खरा कस लागतो तो मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, इलाइट चौकाच्या गर्दीत.

पायाशी क्लचचे पेडल नाही म्हणजे गाडीत क्लचच नाही, असा समज सर्रास आढळतो. आजच्या अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये ड्युअल-क्लच गिअरबॉक्स (आलटून पालटून काम करणाऱ्या दोन क्लचची, आपोआप गिअर बदलणारी पेटी) असतो. पोर्शेने 911 मध्ये तो 2008 पासून दिला. यात क्लच संगणक दाबतो, पण झीज होतेच.

विहिरीचा दोर घट्ट धरला तर तळहाताला काही होत नाही. तोच घसरू दिला की चटका बसतो. गर्दीत इंच इंच सरकताना क्लच असाच घसरत राहतो. कोरड्या क्लचला (तेलात न बुडालेल्या) याचा त्रास अधिक. ओला क्लच उष्णता जास्त सोसतो, मात्र त्याचे तेल वेळेवर बदलावे लागते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीत (त्यांच्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सचे नाव) ते साधारण 60,000 किमीला बदलतात.

हे तेल बदलणे टाळणे ही माझ्या मते सर्वांत महागडी काटकसर आहे. मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचा संगणक आणि तेलदाब-यंत्रणा यांचा जोड) बिघडला की बहुधा तो पूर्ण बदलतात. सुटा भाग आयात केलेला, शिवाय गाडी सुमारे 400 किमीवरच्या दिल्लीला न्यावी लागली तर तो खर्च वेगळा.

म्हणून क्लच कमी घसरावा यासाठी गर्दीत पुढची गाडी थोडी पुढे जाऊ द्या, मग एकदाच निघा. आणि चढावर गाडी थांबवून धरायला ॲक्सिलरेटर नव्हे, ब्रेक दाबा.