खापरपणतवाने धाडलेला सोबती

आईबाप सोयाबीनच्या सोंगणीला गेलेले असताना वाशीम जिल्ह्यातील रिसोड-मालेगावकडच्या घरांत जी भावंडे आपसांत अस्सल वऱ्हाडीत भांडतात, तीच दूरचित्रवाणीपुढे बसली की एकाएकी हिंदीत वाद घालू लागतात, याचे बरेचसे श्रेय, किंवा वडीलधाऱ्यांच्या मते अपश्रेय, एका निळ्या यंत्रमांजराकडे जाते. २००५ मध्ये हंगामा वाहिनीवरून हिंदी बोलत आलेल्या डोरेमॉनविषयी पालकांची फिर्याद अशी, की नोबितासारख्या आळशी पोराला पोटाच्या खिशातून आयती साधने पुरवून तो मुलांना परावलंबन शिकवतो. या फिर्यादीची शहानिशा करावयाची असेल, तर २०१४ चा ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ हा चित्रपट पाहावा.

फुजिको एफ. फुजिओ या नावाने लिहिणाऱ्या हिरोशी फुजिमोतो यांची ही चित्रकथा १९७० च्या जानेवारी अंकांपासून जपानी बालमासिकांत येऊ लागली. उंदराने कान कुरतडल्यामुळे उंदरालाच भिणारे हे मांजर बाविसाव्या शतकातले, उंची १२९.३ सेंटिमीटर आणि वजनही तितकेच किलो. सातबाऱ्यावरच्या बोजाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेल्या नोबिताच्या कर्जाने गांजलेला त्याचा खापरपणतू, पूर्वजच सुधारावा या हेतूने, डोरेमॉनची त्याच्याकडे रवानगी करतो. ताकाशी यामाझाकी आणि र्‍यूइची यागी यांनी संगणकाच्या साहाय्याने सजीव केलेल्या या चित्रपटात त्या रवानगीला एक सक्त अट आहे: नोबिता सुखी होईपर्यंत परतण्यास मज्जाव, आणि तो सुखी झाला की ४८ तासांत परतण्याचे फर्मान.

म्हणजे मैत्री सफळ झाली की वियोग ठरलेला. निरोपाच्या रात्री, आपल्यामागे या पोराचे कसे होणार या चिंतेने डोरेमॉनचा पाय निघत नाही, हे उमगलेला नोबिता धटिंगण जियानशी एकटाच, खिशातल्या कोणत्याही साधनाविना, भिडतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला बिलगतो, आणि शेवटी या चिवटपणाला कंटाळून जियानच माघार घेतो. सुजलेल्या तोंडाने नोबिता सांगतो, की मी जिंकलो, आता तू निश्चिंतपणे जा. सकाळी तो उठतो तेव्हा डोरेमॉन गेलेला असतो.

मूळ चित्रकथेत हा निरोप १९७४ च्या मार्च अंकात होता, आणि एप्रिलमध्ये फुजिमोतोंनी डोरेमॉनला परत आणले. चित्रपटातही तो परततो, आणि तोही मोठ्या मौजेने: बोललेले सारे उलटे करणारे औषध प्यालेला नोबिता, डोरेमॉन आता कधीच येणार नाही, असे हताशपणे म्हणतो आणि तो हजर! मला विचाराल, तर कलाकृती म्हणून चित्रपट त्या रिकाम्या सकाळीच थांबता तर अधिक उंच गेला असता. परंतु आठ वर्षांच्या प्रेक्षकाला रडवून झोपी घालणे फुजिमोतोंना मंजूर नसावे, आणि त्यांना दोष देण्याची माझीही छाती नाही. पालकांस विनंती इतकीच, की त्या रात्रीची झुंज संपण्यापूर्वी दूरचित्रवाणी बंद करण्याचा हुकूम सोडू नये.